‘प्रेक्षकांना हेच हवं असतं’ हे ठरवलं कुणी?

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात संध्याकाळी सातला टीव्ही लागतो आणि साडेनऊपर्यंत चालू राहतो. मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते. घरी येऊन चहा होईपर्यंत सासूबाई दिवाणावर बसून दुसऱ्या दिवशीची मेथी निवडत असतात आणि समोर मालिका चालू असते. परवा त्यातल्या नायिकेच्या दुधात तिच्या जावेने तिसऱ्यांदा काहीतरी मिसळलं. आईंनी हातातली काडी बाजूला ठेवली. “अगं, ही मुलगी वकील दाखवलीय ना? दोनदा असं झालं, तरी तिसऱ्यांदा त्याच बाईच्या हातचं दूध कशी घेते? वकिलाला एवढं कळत नाही होय?”

त्याच आठवड्यात कुठल्याशा मुलाखतीत ते नेहमीचं वाक्य पुन्हा कानावर पडलं, की आम्ही काय करणार, प्रेक्षकांना हेच हवं असतं. मालिका करणारे हे म्हणतात, सिनेमावाले म्हणतात, बातम्यांचे चॅनलवालेही म्हणतात. इतक्या वर्षांत ते इतक्यांदा ऐकलंय, की खरं वाटायला लागलंय. मला मात्र ते खोटं वाटतं आणि आमच्या नावावर खपवलं जातं म्हणून जास्त लागतं. सिनेमाचा अभ्यास मी केलेला नाही. आठवड्यातले काही तास जे समोर येईल ते बघणारी मी साधी प्रेक्षक आहे. पण ज्या प्रेक्षकाचं नाव घेऊन हे सगळं चाललंय तो प्रेक्षक मीच आहे, आमच्या आई आहेत, आमच्या गल्लीतल्या बायका आहेत. आमचं मत काय, हे आम्हाला कधी कुणी विचारलेलं नाही.

विचारतो ना, आकडे असतात, असं उत्तर येईल. तर आकडे कसे येतात ते बघू. २०१५ पासून आपल्याकडे टीव्हीचं मोजमाप ‘बार्क’ ही संस्था करते. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींहून अधिक आहेत आणि त्यातल्या पन्नास-साठ हजार घरांत मीटर बसवलेलं असतं. कार्यक्रमाच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला एक बटण दिलेलं असतं, समोर बसलं की आपापलं बटण दाबायचं. आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात आणि गुरुवारनंतर मालिकेचा ट्रॅक बदलतो, कुणी अपघातात जातं, कुणाचा जुळा भाऊ परत येतो, रविवारचा महाएपिसोड ठरतो.

एवढ्या कमी घरांवरून अख्ख्या देशाचं कसं कळणार, अशी तक्रार बरेच जण करतात. माझी ती तक्रार नाही. आमच्याकडे ऑडिटर येतात तेव्हा हजारातली चाळीस-पन्नास व्हाउचर उघडतात आणि तेवढ्यावरून त्यांना खूप काही बरोबर कळतं. नमुना नीट निवडला असेल तर थोडक्यावरून पुष्कळ समजतं. माझा आक्षेप व्हाउचरवर काय लिहिलंय याला आहे. ज्या व्हाउचरवर नुसती रक्कम आहे आणि कशासाठी दिली ते लिहिलेलं नाही, ते कुठलाही ऑडिटर परत पाठवतो. मीटर नेमकं तसलं व्हाउचर आहे. आमच्या घरी ते असतं, तर सात ते साडेनऊ आईंचं बटण दाबलेलं दिसलं असतं. ‘वकिलाला एवढं कळत नाही होय’ हे वाक्य कुठेही नोंदलं गेलं नसतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीचं प्रकरण बाहेर काढलं. मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनल चालू ठेवायला सांगितलं जात होतं, असा आरोप होता. त्यानंतर बातम्यांच्या चॅनलचे आकडे मार्च २०२२ पर्यंत जाहीर होत नव्हते. त्यात दोषी कोण, हा माझा विषय नाही. पण टीव्ही नुसता चालू ठेवून आकडा वाढवता येईल असं कुणाला तरी वाटू शकतं, यातच त्या आकड्याची मर्यादा दिसते. पडद्यासमोर बसलेल्याच्या मनात काय चाललंय, याचा त्यात पत्ताच नाही.

आता आई टीव्ही का लावतात ते सांगते. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी नऊला आम्ही सगळे बाहेर पडतो. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही, म्हणून भजनी मंडळही आता गुरुवारपुरतंच राहिलंय, तेही शेजारच्या सूनबाई हात धरून नेतात तेव्हा. दिवसभर घरात माणसाचा आवाज नसतो. “कुणीतरी बोलत असतं गं,” एवढंच त्या सांगतात. त्या जे लावतात ते त्यांना आवडतं असा अर्थ काढणं म्हणजे, नळाला पाच वाजता पाणी येतं म्हणून बायकांना पहाटे उठायला आवडतं असं म्हणण्यासारखं आहे.

त्यांना काहीच आवडत नाही असंही नाही, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांची नजर फार बारीक आहे. एका मालिकेत मोलकरणीचं काम करणारी नटी होती, दोन-चार वाक्यांपुरती. आई म्हणाल्या, “हिला भांडी घासायची सवय आहे. बघ, पातेल्याच्या कडेने आधी हात फिरवते. ती मोठी हिरॉईन नुसती मधे मधे पुसते.” दुसऱ्या एका मालिकेत एक म्हातारा गृहस्थ बायकोच्या औषधांच्या डब्या भरून ठेवतो असा छोटा प्रसंग होता. तो संपल्यावर आईंनी टीव्ही बंद केला आणि कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. त्या महिनाभरात त्यांनी पाहिलेल्यातलं तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलंय. मीटरच्या हिशेबात ती दोन मिनिटं आणि दुधात काहीतरी मिसळण्याची दोन मिनिटं सारखीच असतात.

आईंचं माहेर निफाडकडचं, द्राक्षाचे मळे असलेलं. मालिकांमध्ये इस्टेटीची कारस्थानं तर रोजची. बनावट सह्या, तिजोरीतलं मृत्युपत्र, रात्री कागद चोरणं. ते बघताना एकदा त्या म्हणाल्या, “सही काय चोरून घ्यावी लागते? आमच्या सह्या तर जेवायला बोलावून घेतल्या.” मला लगेच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. वडील गेल्यावर भावांनी तिन्ही बहिणींना बोलावलं, पुरणपोळी केली, साड्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. कुणी दम दिला नाही, कुणी ओरडलं नाही. माहेर तुटू नये म्हणून तिघींनी सह्या केल्या. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा देणारी दुरुस्ती १९९४ मध्ये झाली, देशभरासाठी ती २००५ मध्ये आली. आईंची सही त्यानंतरची आहे. “आमच्यातल्या किती बायांनी अशा सह्या केल्यात, त्याची मालिका कुणी काढत नाही,” असं त्या म्हणाल्या.

प्रेक्षकांना काय हवंय याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. यात नाट्य आहे, घर आहे, सण आहे, साड्या आहेत, भावाबहिणीचं प्रेम आहे आणि त्या प्रेमाच्या आतला व्यवहारही आहे. मालिकेला जे जे लागतं ते सगळं त्या एका पुरणपोळीच्या जेवणात होतं. ही गोष्ट जुलैतल्या एखाद्या दुपारी नाशिक, अहिल्यानगर, सांगली, कुठल्याही घरात दाखवली तर किती बायका हातातलं काम थांबवतील! पण मीटरला हे कळणार कसं? जे दाखवलं त्यातलं काय बघितलं, एवढंच ते सांगू शकतं. जे कधी दाखवलंच नाही, त्याचा आकडा कुठून येणार? म्हणजे ‘हेच हवं असतं’ हा निष्कर्ष निघतो तो एकाच दुकानात एकाच किमतीला ठेवलेल्या दोन वस्तूंतून कुणी कुठली उचलली, यावरून.

सिनेमाची गोष्ट वेगळी आहे असं वाटेल, कारण तिथे माणूस खिशातले पैसे काढून जातो. पण तिकीट काढलं जातं सिनेमा पाहण्याच्या आधी. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांची कमाई सांगते की जाहिरात किती पोचली, नट किती मोठा आहे, किती पडद्यांवर सिनेमा लावला. तो आवडला का, हे सांगणारा आकडा त्यानंतरचा. जुन्या काळी पंचवीस आठवडे चालला तर रौप्यमहोत्सव म्हणायचे, आणि दादा कोंडके यांच्या लागोपाठ नऊ सिनेमांनी तो साजरा केला. ती मोजणीही पैशांचीच होती. पण पंचवीस आठवडे सिनेमा टिकायचा तर पाहून आलेल्याने दुसऱ्याला सांगावं लागायचं. सांगणं त्या आकड्याच्या आत होतं. आता तीन दिवसांत निकाल लागतो आणि सांगायला सवडच मिळत नाही.

जिथे ती सवड मिळाली तिथे काय होतं, हे आपण पाहिलंय. ३० जून २०२३ रोजी ‘बाईपण भारी देवा’ लागला. पहिल्या आठवड्यापेक्षा त्याची दुसऱ्या आठवड्यातली कमाई जास्त होती. एरवी उलट घडतं. आमच्या ऑफिसातल्या बायका एकमेकींना फोन करून गेल्या, नऊवारी नेसून गेल्या, सासवांना आणि आत्यांना घेऊन गेल्या. तो सिनेमा थोर होता असं माझं म्हणणं नाही, मला त्यातलं काही फार सोपं करून टाकल्यासारखं वाटलं. पण पाहून आलेली बाई दुसरीला काय सांगते याची ताकद तिथे उघड दिसली आणि त्याबद्दल मला मनापासून आनंद झाला.

त्यानंतर एक मराठी सिनेमा बघायचा म्हणून मी आणि आई आठवडाभर वेळ जुळवत होतो. शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये त्याचा एकच खेळ होता, रोज दुपारी सव्वाबाराला. त्या वेळी मी कारखान्यात असते. अंबड-सातपूरची निम्मी माणसं शिफ्टमध्ये असतात, शिक्षक शाळेत असतात, दुकानदार गल्ल्यावर. रविवारी तो खेळ सकाळी पावणेदहाला ठेवला होता. गेलो, तर तिकीट घेतलेले चौघंच आहेत म्हणून खेळ रद्द झाल्याचं सांगितलं. आई गुडघे धरत जिना चढून आल्या होत्या, तशाच उतरल्या. पुढच्या शुक्रवारी सिनेमा गेला आणि मराठीला प्रेक्षकच नाही ही चर्चा पुन्हा सुरू झाली.

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइममध्ये दाखवायला सांगितलं, तेव्हा आधी संध्याकाळी ६ ते ९ असं ठरलं होतं. त्यावर गदारोळ झाला आणि प्राइम टाइम दुपारी १२ ते रात्री ९ असा झाला. म्हणजे सव्वाबाराचा खेळ नियमात बसतो. नोकरी करणाऱ्या माणसाला त्या वेळी सिनेमा बघता येत नाही, हे ज्यांनी ती वेळ मान्य केली त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. मराठी सिनेमाला अनुदान द्या, करमाफी द्या, सगळं बरोबर. पण संध्याकाळी सहानंतरचा एक खेळ, तोही दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकणारा, हे माझं साधं मागणं आहे. प्रेक्षकाचं मत हवं असेल तर आधी त्याला पोचता येईल अशा वेळी सिनेमा लावा.

मोबाइलवरच्या प्लॅटफॉर्मचं फार सांगत नाही. नेटफ्लिक्सने २०२० पासून काही काळ दोन मिनिटं पाहिलं तरी ‘पाहिलं’ अशी मोजणी केली होती, नंतर ती बदलून एकूण तासांवर आणली. दोन मिनिटांत आमच्याकडे कुकरची एक शिट्टी होत नाही.

दोष सगळा मोजणाऱ्यांवर टाकून मला मोकळं व्हायचं नाही. आपणही आपलं मत त्यांच्याच भाषेत बोलायला लागलोय. माझा मुलगा आणि त्याचे मित्र सिनेमा बघून आले की आधी त्याने किती कोटी केले ते सांगतात. पाचपैकी साडेतीन तारे. ‘एकदा बघायला हरकत नाही.’ मी विचारते, अरे, तुला त्यात काय दिसलं? तर तो क्षणभर गोंधळतो. मग हळूहळू सांगायला लागतो, एखादा प्रसंग, एखाद्याचं चालणं, पाऊस कसा दाखवला होता ते. त्याच्याकडे मत असतं. ते विचारलंच जात नाही म्हणून मनातच राहून जातं.

आणि मत देणं म्हणजे राग काढणं असंही काहींना वाटतं. खलनायिकेचं काम करणाऱ्या नटीला बाजारात गाठून बोलणं, तिच्या रूपावर घाणेरडं लिहिणं, हे प्रेक्षकाचं मत नव्हे. जे पाहिलं त्याविषयी बोलावं, ज्याने काम केलं त्याच्या घरादाराविषयी नाही. शिवाय मालिका न बघताच ‘ते बायकांचं रडगाणं’ म्हणून हात झटकणारे शिकलेले लोकही मला तितकेच चुकीचे वाटतात. निर्मात्याने प्रेक्षकाला भाबडं समजणं आणि त्यांनी आमच्या आईंना भाबडं समजणं यात मला फरक दिसत नाही.

साध्या प्रेक्षकाला काय कळतं, असं कुणी विचारलं तर नाशिककराकडे त्याचं चांगलं उत्तर असायला हवं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, रविवारी तिथे आपण मुलांना फिरायला नेतो. धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ मध्ये नाशिकला वारले. चाळिशीत असताना मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक परदेशी मूकपट पाहिला. तो बघताना आपल्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. त्यांनी तो पुन्हा पाहिला, पत्नी सरस्वतीबाईंना दाखवला. त्या दिवशी ते निर्माते नव्हते, दिग्दर्शक नव्हते, तिकीट काढून बसलेले प्रेक्षक होते आणि हे आपल्या माणसांचं असायला हवं हे त्यांचं प्रेक्षक म्हणून झालेलं मत होतं. त्यातून १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. फाळक्यांना काय हवंय हे त्या वेळी कुणी मोजायला गेलं असतं, तर परदेशी मूकपटाचं आणखी एक तिकीट खपलं, एवढंच हाती लागलं असतं.

आपल्याच जिल्ह्यात शंभरेक किलोमीटरवर मालेगाव आहे. यंत्रमागावर आठवडाभर राबणारी माणसं शुक्रवारच्या सुट्टीला सिनेमा बघायला जातात. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली स्थानिक माणसांना घेऊन पन्नासेक हजारांत ‘मालेगाव के शोले’ केला. मुंबईच्या सिनेमात आपली बोली नाही, आपले चेहरे नाहीत हे ज्याला दिसलं त्याने ते स्वतःच आणले. हेही प्रेक्षकाचंच मत.

प्रत्येकाने कॅमेरा उचलावा असं मी म्हणत नाही. आमच्या आई उचलणार नाहीत. पण मत पोचवायचा मार्ग एकेकाळी अगदी साधा होता. दूरदर्शनवर जुलै १९८४ पासून सतरा महिने ‘हम लोग’ चालली, तेव्हा प्रेक्षकांकडून सुमारे चार लाख पत्रं आल्याची नोंद आहे. लोक आपापल्या घरातलं लिहीत, अमक्या पात्राला असं वागू देऊ नका म्हणून विनवत, आणि सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा उपदेश जड होतोय असं दिसल्यावर कथा बदलली गेली. पत्रात ‘का’ लिहिलेलं असतं. चार लाख पत्रं म्हणजे कारणासकट आलेली चार लाख व्हाउचर. वाहिन्यांना आज हे अशक्य नाही. गुरुवारचे आकडे वाचायला माणसं आहेत, तशी दोन-चार माणसं पत्रं आणि फोनवरचे निरोप वाचायला बसवता येतील. आठवड्याला पन्नास घरी जाऊन, मेथी निवडता निवडता बायका काय बोलतात ते ऐकून घेता येईल. पैसे लावणाऱ्याला धोका नको असतो हे मी समजू शकते, रोज तेच काम करते. पण आजारपणाचं नाव न विचारता नुसता ताप मोजून औषध देत राहणं, हा धोका कमी आहे का?

गेल्या रविवारी आईंना विचारलं, वाहिनीला लिहायचं का? आधी नको म्हणाल्या, आपलं कोण वाचतंय. मग दुपारी स्वतःच म्हणाल्या, लिही. मी पन्नास पैशांची चार पोस्टकार्डं आणून ठेवली होती. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. मोलकरणीचं काम करणाऱ्या त्या नटीला मोठं काम द्या. डब्या भरणारे आजोबा पुन्हा दाखवा. वकील मुलीला वकिलासारखं वागू द्या. आणि मग हक्कसोडाचं सांगायला लागल्या, कुठल्या भावाने गाडी पाठवली, कुणी साड्या आणल्या, मधल्या बहिणीने पेन हातात धरून किती वेळ काढला. पहिलं कार्ड भरलं, दुसरंही भरलं. तिसऱ्याच्या पाठीवर पत्त्याच्या शेजारची जागा उरली होती तिथेही मी बारीक अक्षरात लिहिलं. आई म्हणाल्या, “पुरणपोळीला तूप भरपूर होतं, तेही लिही.”